मनाची तक्रार कोणाकडे नोंदवायची?



या व्यासपीठावर विद्वान माणसे बोलून जातात. मी विद्वान नाही. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी किमान वेतन, कंत्राटी पद्धत किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी काहीतरी सांगेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी म्हटले, "ऑनलाइन समुपदेशकाकडून मनाच्या दुखण्यावर मदत कशी घ्यावी, यावर बोलतो." ते क्षणभर गप्पच राहिले आणि मग हळूच म्हणाले, "तुमचं सगळं बरं आहे ना?"

त्यांचा हा प्रश्न हीच माझ्या व्याख्यानाची प्रस्तावना समजा. माणूस मनाविषयी बोलू लागला की त्याचे काहीतरी बिघडले आहे, असे आपण धरून चालतो. गुडघ्याविषयी बोलणाऱ्याला आपण तेल सुचवतो. मनाविषयी बोलणाऱ्यापासून खुर्ची थोडी दूर सरकवतो. चिटणिसांची शंका मात्र अगदीच चूक नव्हती. माझे बिघडले होते. ते कसे बिघडले आणि कसे ताळ्यावर आले, हे सांगण्यासाठीच मी उभा आहे.

प्रथम वडिलांविषयी दोन शब्द. ते मुंबईस एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या संपाचा राजकीय आणि आर्थिक इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि मला त्यातला एवढाच भाग ठाऊक आहे की, वडील एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन गावी आले. सकाळची पाळी ज्या वेळी सुरू होई त्या वेळी ते उठत, अंघोळ करून धुतलेला सदरा घालीत आणि ओट्यावर येऊन बसत. तिन्हीसांजेपर्यंत तेथेच. बोलणे नाही, रागावणे नाही. गावातले लोक म्हणत, "शांत माणूस आहे. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही." ते शांत नव्हते. पण शांत नसणे आणि गप्प असणे यांतला फरक ओळखणारे गावात कोणी नव्हते, आणि घरातही नव्हते.

मी संघटक झालो तो त्यांच्यामुळे. ओतकामाच्या कारखान्यात लागलो आणि पुढे युनियनचे पूर्णवेळ काम पत्करले. तीस वर्षे मी वेतनासाठी, बोनससाठी आणि तुटलेल्या बोटांच्या नुकसानभरपाईसाठी भांडलो. मनासाठी भांडलो नाही. कोणी कामगार ताणाची गोष्ट काढी, तेव्हा मी ऐटीत सांगत असे की, पगार वाढला की ताण आपोआप कमी होतो. बाकी सारी सुखवस्तू माणसांची दुखणी आहेत. मी एकटाच असा होतो असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात थुंकदाण्या ठेवण्याविषयी स्वतंत्र कलम होते, विसावे. मनाविषयी कलम शोधले तर सापडत नसे. थुंकी दिसते, मन दिसत नाही, हा कायदा करणाऱ्यांचा आणि आम्हा पुढाऱ्यांचा समान न्याय होता.

२०२१ साली, दुसऱ्या लाटेनंतर, आमचा एक सभासद माझ्याकडे तीनदा आला. साच्यात वाळू ठासणारा, कामाला चोख माणूस. कर्ज झाले होते, पाळ्या कमी झाल्या होते, हे त्याने सांगितले. तिन्ही वेळा मी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हटले, "अर्ज लिहून दे, मी पाठपुरावा करतो." तिन्ही वेळा तो कागद घडी करून खिशात घालून गेला. अर्ज आलाच नाही. पावसाळ्यात त्याने आपले आयुष्य संपवले. दहाव्याला गेलो, तेव्हा त्याची पत्नी मला म्हणाली, "दादा, तुमच्याकडे तीनदा आले होते ना?"

तिच्या स्वरात आरोप नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मला उत्तर देता आले नाही, आणि त्या रात्रीपासून माझी झोप गेली.

झोप गेली म्हणजे काय, ते ज्यांची गेली आहे त्यांनाच कळेल. पहाटे तीन वाजता डोळे उघडत आणि छातीवर कोणीतरी लोखंडी पाटी ठेवल्यासारखे वाटे. हृदयाची तपासणी केली. हृदय उत्तम होते. सभेत बोलताना वाक्य अर्ध्यावर हरवू लागले. घरी मी चिडू लागलो. आणि सर्वांत वाईट म्हणजे, त्या बाईच्या घरावरून जाणारा रस्ता मी टाळू लागलो. असे चार महिने गेले. शेवटी पुण्यास शिकणाऱ्या माझ्या मुलीने मला विचारले, "बाबा, तुमच्या एखाद्या कामगाराला असं झालं असतं, तर त्याला तुम्ही काय सांगितलं असतं?" मी म्हटले, "अर्ज लिहून दे म्हणून सांगितलं असतं." आणि हे बोलताना मला रडू आले. मुलीपुढे मी पहिल्यांदाच रडलो.

तालुक्याच्या गावी मनाचा डॉक्टर नव्हता. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे म्हणजे एक दिवस मोडायचा आणि चार ओळखीची माणसे भेटायची. म्हणून मुलीने मोबाइलवर सोय केली. पहिला अनुभव सांगण्यासारखा आहे. पडद्यावर एक गृहस्थ आले. त्यांनी दहा मिनिटांत माझे निदान केले आणि उरलेली वीस मिनिटे बारा बैठकांचे पैसे आगाऊ भरल्यास किती सवलत मिळेल, हे सांगण्यात घालवली. मी त्यांचे शिक्षण विचारले. ते म्हणाले, "सर, अनुभव महत्त्वाचा." हे वाक्य मी कंत्राटदारांच्या तोंडून पुष्कळ वेळा ऐकले असल्यामुळे तेथेच थांबलो.

दुसऱ्या वेळी आम्ही चौकशी करून मराठी बोलणाऱ्या एका बाई निवडल्या. त्यांनी सुरुवातीलाच चार गोष्टी स्वतःहून सांगितल्या: आपले शिक्षण काय, फी किती, बोलणे गुप्त कसे राहील, आणि माझ्या जिवाला धोका आहे असे त्यांना वाटले तर ती गुप्तता कोणत्या मर्यादेपर्यंत मोडावी लागेल. त्यासाठी घरच्या एका माणसाचा नंबर त्यांनी लिहून घेतला. त्या मला 'सर' म्हणत. मी म्हटले, "सर म्हणू नका, आमच्याकडे सर म्हणजे व्यवस्थापन." तेव्हापासून त्या 'काका' म्हणू लागल्या.

घर दीड खोलीचे. तेथे एकांत कुठला? मी युनियनच्या कचेरीत, शटर अर्धे ओढून, खिडकीशी खुर्ची लावून बसत असे, कारण रेंज तेथेच मिळे. आठवड्यातून एक बैठक, पाऊण तासाची. मला वाटले होते, बाई माझे बालपण उकरतील किंवा 'सकारात्मक विचार करा' म्हणून उपदेश करतील. त्यांनी विचारले, "काका, दिवसाला चहा किती होतो?" मी मोजला. अकरा कप.

त्यांनी मला एक वही करायला सांगितली. किती वाजता अंथरुणावर पडलो, किती वाजता जाग आली, चहा किती, दिवसभरात काय काय केले. आठ दिवस ही नोंद ठेवायची. मस्टर ठेवण्याची मला सवय होतीच, फक्त स्वतःच्या नावाचे मस्टर मी कधी ठेवले नव्हते. दुपारी तीननंतर चहा बंद झाला. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच ठरली. अंथरुणावर वीसेक मिनिटांत झोप आली नाही, तर तळमळत न राहता उठायचे, मंद दिव्यात काहीतरी नीरस वाचायचे आणि डोळे जड झाले की परत यायचे. मी कंपन्यांचे जुने ताळेबंद वाचले. त्यांचा असा सदुपयोग तीस वर्षांत प्रथमच झाला.

मग चिंतेची पाळी ठरली. संध्याकाळी पाच ते साडेपाच, वही घेऊन, फक्त चिंता करायची. इतर वेळी चिंता आली की तिला सांगायचे, तुझी पाळी पाचाची. तोवर फाटकाबाहेर थांब. ऐकायला हे पोरकट वाटते. मलाही वाटले होते. पण तिसऱ्या आठवड्यात मी पाच वाजता वही उघडली, आणि लिहायला फारसे काही नव्हते.

खरे काम पाचव्या बैठकीत झाले. मी त्या तीन कोऱ्या कागदांची गोष्ट सांगितली. बाईंनी 'तुमची काही चूक नाही' असे म्हणून मला स्वस्तात सोडले नाही. त्या म्हणाल्या, "काका, तुम्हाला ओळखता यायला हवं होतं का, आणि तुम्हाला ठाऊक होतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असं आहे. पहिल्याचं उत्तर शिकता येतं." एका माणसाच्या जाण्यामागे एकच कारण आणि एकच गुन्हेगार नसतो, हेही त्यांनी समजावले. मग त्यांनी वहीचे पान उभे दोन भागांत आखायला लावले. एका बाजूला माझ्या हातात नसलेले, दुसऱ्या बाजूला हातात असलेले. पहिल्या बाजूला मी लिहिले, तो परत येणार नाही. दुसरी बाजू कोरी राहिली. बाईंनी विचारले, "त्यांच्या घरचे कागद कुणी केले?"

अध्यक्षमहाराज, मला लाज वाटली. भविष्यनिर्वाह निधी, विधवेचे निवृत्तिवेतन, ठेवीशी जोडलेला विमा, हे सारे अर्ज मी इतरांसाठी डोळे मिटून भरतो. तिच्यासाठी कोणीच भरले नव्हते, कारण ज्याने भरायचे तो रस्ता टाळीत होता. दुसऱ्या दिवशी मी गेलो. तिने चहा टाकला. सकाळची वेळ होती, म्हणून घेतला. कागद पुरे व्हायला पाच महिने लागले. त्या घरी मी आजही जातो.

आता आपण विचाराल, ही तर केवळ बोलण्याची गोष्ट झाली. बोलण्याने दुखणे बरे होते का, आणि तेही समोर माणूस नसताना? याचे उत्तर मी वाचून सांगतो. १९५३ साली लंडनमध्ये चॅड व्हारा नावाच्या एका धर्मोपदेशकाने आत्महत्येचा विचार करणाऱ्यांसाठी टेलिफोन ठेवला. त्यातूनच समॅरिटन्स ही संस्था उभी राहिली. लोक त्यांना भेटायला येत आणि बाहेर वाट पाहत बसत. तेथे स्वयंसेवक त्यांना चहा देत आणि त्यांचे ऐकत. व्हारांच्या लक्षात आले की, पुष्कळांना मग आत येण्याची गरजच उरत नाही. पुढल्याच वर्षी त्यांनी ऐकण्याचे काम स्वयंसेवकांकडे सोपवले.

आपल्या शेजारच्या गोव्यात 'संगत' या संस्थेने याहून काटेकोर प्रयोग केला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र औदासीन्याने ग्रासलेल्या ४९५ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्याला त्यांबरोबरच, शिकवून तयार केलेल्या साध्या स्थानिक माणसांकडून सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन दिले. सुटलेली कामे छोट्या छोट्या पायऱ्यांनी पुन्हा सुरू करायची, हा त्या पद्धतीचा गाभा. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले शेकडा ३९ सावरले होते, दुसऱ्यातले शेकडा ६४. हे निष्कर्ष २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. समुपदेशन ही शिकता येणारी कारागिरी आहे, असा मी याचा अर्थ लावतो. आणि पडद्यावरून होणाऱ्या उपचारांविषयीच्या अभ्यासांतून एक गोष्ट वारंवार दिसली आहे: मागे जिवंत माणूस असेल तर गुण येतो, नुसते धडे पाठवून दिले तर पुष्कळ लोक ते अर्ध्यावर सोडतात.

तेव्हा निवड कशी करावी? औषध देण्याचा अधिकार मनोविकारतज्ज्ञाचा, म्हणजे डॉक्टरचा. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते; नोंदणी क्रमांक विचारावा. निव्वळ 'समुपदेशक' अशी पाटी मात्र पुष्कळजण लावतात, म्हणून त्यांचे शिक्षण कोठे आणि किती झाले हे विचारावे. विचारल्यावर जो रागावतो, त्याच्याकडे जाऊ नये. आगाऊ पैसे भरू नयेत. आपल्या भाषेत बोलणारा माणूस मागावा; दुःखाचे भाषांतर करीत बसण्यात अर्धी बैठक जाते. पैसे नसतील तर तेही कारण उरलेले नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा चालू आहे. १४४१६ हा तिचा नंबर, सेवा मोफत, चोवीस तास आणि मराठीतही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ साली सुरू केलेली 'आयकॉल' ही सेवाही फोनवर आणि लेखी संवादाने समुपदेशन देत आली आहे.

पडद्याच्या मर्यादाही सांगतो. ज्याला जीव द्यावासा वाटतो त्याला एकटे सोडू नये. फोन जरूर लावावा, पण माणूस शेजारी हवा आणि रुग्णालय गाठावे. ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात, ज्याने अन्न टाकले आहे, दारू अचानक सोडल्यामुळे जो थरथरतो आहे किंवा बरळतो आहे, त्याला पडद्यापुढे बसवू नका, गाडीत बसवा. पोलिसांची भीती बाळगू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते आणि त्याला मदत देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. त्याच कायद्याने, शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजाराला, असे विमा कंपन्यांवर बंधन घातले आहे.

गुप्ततेविषयी मी संघटक म्हणून जरा संशयी आहे, आणि संशयाला कारण आहे. अमेरिकेत बेटरहेल्प या मोठ्या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने ग्राहकांची माहिती जाहिरातीसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिली, म्हणून २०२३ साली तेथील व्यापार आयोगाने तिला ७८ लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडे पुष्कळ कारखाने आता स्वखर्चाने समुपदेशकाची सोय करतात. सोय चांगली आहे. पण तीन प्रश्न आधी विचारा: पैसे कोण देतो? अहवाल कोणाकडे जातो? अहवालात माणसाचे नाव असते का? आणि दुसरी गोष्ट, यंत्राशीच मन मोकळे करण्याची हल्ली चाल पडली आहे. १९६६ साली वायझेनबाउम या शास्त्रज्ञाने माणसाचेच बोलणे प्रश्नरूपाने परत करणारा एक संगणकीय कार्यक्रम लिहिला. तो नुसता खेळ आहे हे ठाऊक असूनही त्यांच्या चिटणीस बाई त्या यंत्राशी बोलताना त्यांनाच म्हणाल्या, जरा खोलीबाहेर जाता का? एकट्या माणसाला ऐकणारा हवा असतो, इतका की यंत्रही चालते. पण कागद कोणी केले, हे मला यंत्राने विचारले असते की नाही, याची मला शंका आहे.

माझे जुने सहकारी मला विचारतात, "म्हणजे आता मागणीपत्राऐवजी समुपदेशन का?" मुळीच नाही. दोन माणसांचे काम एकाला लावायचे आणि भिंतीवर 'ताणमुक्त राहा' अशी पाटी लावायची, हा उद्योग मी पाहिलेला आहे. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, आणि त्यांत एक चतुर्थांशाहून अधिक माणसे रोजंदारीवर पोट भरणारी होती. त्यांचा प्रश्न केवळ मनाचा नव्हता. पण म्हणून तो मनाचा नव्हताच, असे म्हणण्याचा मला काय अधिकार? लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली, तेव्हा त्यांनी काय फक्त पाठीच्या कण्यासाठी विश्रांती मागितली होती? वेतनवाढीला तीन वर्षे लागतात. पहाट रोज तीनला होते. करार होईपर्यंत माणूस जगला पाहिजे.

आता शेवटची गोष्ट सांगून बसतो. अर्ध्या ओढलेल्या शटरमागे मी दर गुरुवारी कोणाशी तरी हळू आवाजात बोलतो, ही बातमी फुटली. कार्यकर्त्यांत कुजबुज सुरू झाली की, पुढाऱ्याची व्यवस्थापनाशी गुपचूप बोलणी चालली आहेत. युनियनमध्ये याहून मोठा आरोप नाही. कार्यकारिणीची सभा लागली. मला दोनच वाटा होत्या: फितूर ठरायचे, किंवा खरे सांगायचे. मी वही टेबलावर ठेवली आणि चहाच्या अकरा कपांपासून सारे सांगितले.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आमचा सर्वांत जुना ओतारी, भट्टीसमोर हयात घालवलेला माणूस, खाली बघत म्हणाला, "मला दोन वर्षं झोप नाही." सभा संपल्यावर तिघेजण मागे रेंगाळले. त्यांपैकी कोणाच्याही पुढे मी कागद ठेवला नाही. खुर्ची ठेवली, आणि जवळ बसलो.

आमच्या कचेरीच्या फळ्यावर आता सभेच्या सूचनेखाली खडूने १४४१६ हा आकडा लिहिलेला असतो. पुसला गेला की कोणीतरी पुन्हा लिहितो. कोण लिहितो ते मी विचारीत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या गल्लीत, ओट्यावर धुतलेला सदरा घालून बसलेला एखादा शांत माणूस असेल. घरी जाताना वाटेत तो भेटला, तर आज क्षणभर थांबा, आणि झोप लागते का, एवढेच त्याला विचारा.